जीपचा पुढचा शाफ्ट : कुरकुर ऐका, वेळ टाळा



बैलाच्या पायात काटा मोडला तर तो लंगडतो आणि आपण लगेच त्याचा खूर उचलून पाहतो. गाईने वैरण तोंडाला लावली नाही, तर घरातल्या माउलीच्या ते आधी लक्षात येते. दारातल्या जीपचे मात्र तसे होत नाही. ती दूध नेते, खताची पोती आणते, मुलांना शाळेच्या रस्त्यावर सोडते. तिच्या पोटाखालून कुरकुर ऐकू आली तरी "चालतेय ना, मग चालू द्या" म्हणून आपण पुढे जातो. अशा कुरकुरीची किंमत आमच्या घराने एका रात्रीत मोजली. म्हणून आज तुमच्याशी चारचाकी जोराच्या, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह जीपच्या पुढच्या शाफ्टविषयी बोलायचे आहे.

आमची वस्ती मावळच्या डोंगरकुशीत. वस्तीपासून डांबरी रस्ता दोन किलोमीटर आणि मधे एक लाल मातीचा चढ. उन्हाळ्यात तिथून सायकलही चढते, आषाढात मात्र माणूसही घसरतो. त्या चढासाठीच आम्ही जुनी जीप घेतली होती. चैत्रापासून ती हळू चालवली की खालून चिमणीसारखी चिवचिव येई. थोरले बंधू म्हणायचे, "पेरण्या आटोपल्या की दाखवू." पेरण्या आटोपल्या, लावणी आली, आणि दाखवायचे राहूनच गेले.

आषाढातल्या एका रात्री धाकट्या वहिनींना कळा सुरू झाल्या. आईने घोंगडी गुंडाळून त्यांना जीपमध्ये बसवले. चढाला लागताना दादांनी पुढचा गिअर टाकला. गाडी अर्धा चढ चढली, आणि खालून 'खाड्' आवाज झाला. पाठोपाठ पत्र्यावर घण घालावा तसे दोन-तीन ठोके बसले. दादांनी इंजिन बंद केले. चाकांमागे दगड लावून कंदिलाच्या उजेडात पाहिले, तर पुढचा शाफ्ट डिफरन्शियलच्या बाजूने सुटून चिखलात लोंबत होता. जॉइंटचा क्रॉस मोडला होता.

दादांनी पाना घेऊन शाफ्टचे वरचे टोकही सोडवले. आबांनी गोठ्यातून बैलजोडी आणली. सोल बांधून बैलांनी जीप चढावर ओढली आणि डांबरीवर आल्यावर ती मागच्या दोन चाकांच्या जोरावर तालुक्याला पोहोचली. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप राहिल्या. पण या सगळ्यात दीड तास गेला, आणि तो दीड तास आई अजून विसरलेली नाही. ज्या तुकड्यापायी हे घडले, तो मुठीत मावेल एवढा होता.

हा शाफ्ट करतो तरी काय?

जीपच्या पोटाखाली गिअरबॉक्सला लागून ट्रान्सफर केस असते. इंजिनचा जोर तिथे येतो आणि दोन वाटांनी जातो. एक नळी मागच्या डिफरन्शियलकडे जाते, दुसरी पुढच्या. या नळ्या म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. पुढचा शाफ्ट बहुधा आखूड असतो, आणि पुढच्या चाकांना ओढण्याचा सगळा जोर त्यातून जातो.

आता अडचण अशी, की ट्रान्सफर केस चेसिसला पक्की बसलेली, तर पुढचा धुरा पाट्यांवर वरखाली नाचणारा. सरळ लोखंडी दांडा लावला तर तो पहिल्याच खड्ड्यात वाकेल. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना मनगटासारखा फिरणारा युनिव्हर्सल जॉइंट असतो. समोरासमोरचे दोन योक आणि त्यांच्या मधे अधिक चिन्हासारखा क्रॉस. क्रॉसच्या चारही टोकांवर एकेक कप, आणि कपात सुईसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग. शिवाय धुरा वरखाली झाला की मधले अंतर कमी-जास्त होते. म्हणून शाफ्टमध्येच दात्यांचा सरकता सांधा असतो, त्याला स्लिप जॉइंट म्हणतात. शाफ्ट फिरता फिरता त्यात लांब-आखूड होतो.

ही युक्ती जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानोचे आणि सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचे नाव या सांध्याशी जोडले जाते. मोटारीसाठी तो अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसर यांनी घडवला आणि १९०३ साली त्याचे पेटंट मिळवले. दुसऱ्या महायुद्धात विलीस जीप रणांगणावर धावली ती याच सांध्यांवर. १९४७ साली मुंबईत महिंद्र कंपनीने विलीस जीपची जोडणी सुरू केली, आणि पुढे तिच्या वंशातल्या गाड्या आपल्या बांधाबांधापर्यंत पोहोचल्या.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पुढचा गिअर टाकला नाही तरी बहुतेक जुन्या जीपमध्ये पुढचा शाफ्ट फिरतच असतो, कारण रस्त्यावर फिरणारी पुढची चाके त्याला उलट फिरवत राहतात. चाकांच्या मधोमध मोकळे करता येणारे हब असतील आणि ते मोकळे ठेवले असतील, तरच तो थांबतो. तेव्हा "आम्ही पुढचा गिअर वर्षातून चार वेळा टाकतो, शाफ्ट कशाला झिजेल?" हा हिशेब चुकीचा आहे.

दुखणे कसे ओळखाल?

हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव येत असेल, तर कपातले ग्रीस आटले आहे असे समजा. पुढे-मागे गिअर बदलताना 'टक्' किंवा 'खट्' असा ठोका येत असेल, तर झीज झाली आहे. वेग वाढला की पायाखालचा पत्रा थरथरत असेल, तर शाफ्ट वाकला आहे, त्याचा तोल गेला आहे किंवा तो चुकीचा जोडला आहे. कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसली, तर आत गंज धरला आहे आणि त्या जॉइंटचे दिवस भरले आहेत.

हाताने पाहायचे असेल तर गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाची उटी लावा आणि गिअर न्यूट्रल करा. मग जॉइंटच्या अलीकडचा भाग एका हाताने व पलीकडचा दुसऱ्या हाताने धरून उलटसुलट पिळा. डिफरन्शियलच्या दात्यांमुळे सगळा शाफ्ट थोडा हलेल, त्याची काळजी नको. पण क्रॉस आणि योक यांच्यामध्येच खेळ दिसला, तर क्रॉस बदलायला झाला.

थरथर आढळली तर लगेच खर्चात पडू नका. आधी शाफ्ट धुवा. एका बाजूला वाळलेला चिखलाचा गोळाही शाफ्टचा तोल बिघडवतो. नळीवर डकवलेले लहान लोखंडी तुकडे दिसतील, ते कारखान्यात तोल साधण्यासाठी लावलेले असतात. ते काढू नका. सुतळी, उसाचे पाचट किंवा ठिबकची जुनी नळी गुंडाळली गेली आहे का, तेही पाहा. असा गुंडाळा कपाचे सील फाडतो आणि सील फाटले की पाणी आत शिरते.

उतरवण्यापूर्वी

चालू इंजिनच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. गाडी साठच्या वेगात असली की हा शाफ्ट मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे घेतो. त्यात धोतराचा सोगा किंवा पदर सापडला तर ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही. मुलांना त्या दिवशी गाडीपासून लांब ठेवा.

जुन्या विलीस घडणीच्या काही जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट काढला किंवा मागचे एक चाक उचलले, की असा हँडब्रेक गाडी धरून ठेवत नाही. म्हणून भरवसा हँडब्रेकवर नको, उटीवर ठेवा. बोल्टपर्यंत पाना पोहोचावा म्हणून शाफ्ट फिरवण्यासाठी पुढचे एक चाक उचलावे लागले, तर जॅकवर विसंबू नका. खाली लोखंडी घोडी द्या. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे अचानक फुटतात, ते वापरू नका.

आता खडू नव्हे, रंग घ्या. शाफ्टच्या दोन्ही टोकांना योकवर आणि त्याच्या जोडीवर एकाच रेषेत खूण करा. स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवरही तशीच खूण करा. ही तीन खुणांची पाच मिनिटे पुढचे पाच दिवस वाचवतात.

क्रॉस बदलताना

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा. आधी धुऱ्याच्या बाजूचे नट सोडा. शाफ्ट एकदम खाली पडू देऊ नका, त्याला दोरीचा आधार द्या. टोक मोकळे होताच क्रॉसवरच्या सुट्या कपांभोवती चिकटपट्टी गुंडाळा. नाही तर कप गळून सुया मातीत विखुरतात. मग वरचे टोक सोडवा.

शाफ्टच्या नळीवर हातोडा मारू नका. नळीला पोचा पडला की तोल गेलाच. कपांचे लॉक काढा, शाफ्टचा योक व्हाइसमध्ये धरा, एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठा सॉकेट ठेवून हळूहळू दाबा. लहान सॉकेट कपाला ढकलतो आणि समोरचा कप मोठ्या सॉकेटमध्ये निघून येतो. जुना क्रॉस पुसून त्याची टोके पाहा. त्यावर सुयांच्या रेघा उमटलेल्या दिसल्या तर दुखणे नेमके तिथेच होते. क्रॉस नवा घ्यायचा तर कपांसकट पूर्ण संच घ्या. जुना कप नि नवा क्रॉस ही जोडी टिकत नाही.

नवा कप बसवताना सुया उभ्या राहिल्या पाहिजेत. एक सुई आडवी पडली तर कप पूर्ण आत जात नाही आणि लॉकची खाच उघडी होत नाही. अशा वेळी जोर लावू नका. कप काढा, सुई सरळ करा, पुन्हा बसवा. ग्रीसचे निप्पल असे ठेवा की ते शाफ्टच्या नळीकडे झुकेल आणि ग्रीस गनचे तोंड तिथे सहज पोहोचेल. बसवल्यावर जॉइंट चारही दिशांना हाताने न अडखळता फिरला पाहिजे.

दात्यांचा मेळ

आमच्या घरची गोष्ट इथे संपली नव्हती. त्या रात्रीनंतर एका गॅरेजात क्रॉस बदलून घेतला, आणि गाडी आली ती अंग शहारावे तशी थरथरत. तिथे शाफ्टचे दोन भाग वेगळे करून, खुणा न पाहता पुन्हा घातले होते. दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी नुसते पाहूनच चूक सांगितली. शाफ्ट काढून, फिरवून पुन्हा जोडला आणि थरथर गेली.

कारण असे. तिरका बसलेला एक जॉइंट एकसारखा जोर देत नाही. एका फेऱ्यात दोनदा तो पुढचा भाग किंचित जलद आणि दोनदा किंचित सावकाश फिरवतो. दहा अंशांच्या तिरकेपणात हा फरक शेकडा दीड इतकाच असतो, पण वीस अंशांत तो शेकडा सहापर्यंत जातो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट ही चूक पुसून टाकतो, पण दोन अटींवर. दोन्ही जॉइंटचे तिरकेपण सारखे हवे, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच रेषेत हवेत. दाते एक-दोन घरे चुकले की चूक पुसली जात नाही, वाढते. म्हणून साधा, दोन जॉइंटांचा शाफ्ट जोडल्यावर जमिनीवर ठेवा आणि एका टोकाने पाहा. दोन्ही योक एका पातळीत दिसले पाहिजेत.

चढवताना यू-बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आवळा. फार आवळले तर कप चेपतो आणि नवा क्रॉस महिन्यात जातो. सैल राहिले तर बोल्ट निसटतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला माप-जोर पाळा, आणि पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाना लावून बघा.

दणकट शाफ्ट घ्यावा का?

काही जण गाडी उंच करतात. मोठे टायर बसावेत, दगड लागू नयेत, हा हेतू. पण धुरा खाली गेला की शाफ्टचे तिरकेपण वाढते, आणि जुना शाफ्ट आखूड पडतो. चाक खड्ड्यात लोंबले की स्लिप जॉइंटचे दाते जेमतेम एकमेकांत राहतात, प्रसंगी सुटतातही. अशा गाडीला लांब दात्यांचा शाफ्ट लागतो. तिरकेपण फारच वाढले तर ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी जॉइंट बसवतात. पण मग डिफरन्शियलचे तोंडही शाफ्टच्या रेषेत आणावे लागते. नुसता शाफ्ट बदलून काम होत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर निर्बंध आहेत. आधी परिवहन कार्यालयात विचारा, मगच पैसे मोजा.

जाड नळी आणि मोठा क्रॉस घेतला तर तो तुटत नाही, हे खरे. पण जोर कुठेतरी निघणारच. तो मग पुढे डिफरन्शियलच्या दात्यांवर किंवा धुऱ्याच्या आतल्या दांड्यावर पडतो, आणि ती दुरुस्ती क्रॉसच्या कितीतरी पट महाग असते. शेतीच्या कामाला, मूळ उंचीच्या गाडीला, मूळ मापाचा चांगला शाफ्टच पुरेसा आहे, असे आमचे मत.

नवा शाफ्ट करून घेताना माप गाडी चाकांवर उभी असताना घ्या. जॅकवर उचललेल्या गाडीचे माप घेतले तर शाफ्ट लांब होतो, आणि पहिल्याच खड्ड्यात तो ट्रान्सफर केसला ढुशी देतो. स्लिप जॉइंटला आत दबायला जागा हवी आणि बाहेर सरकल्यावरही दाते भरपूर गुंतलेले हवेत. भंगारातला शाफ्ट स्वस्त मिळतो, पण तो लेथवर फिरवून सरळ आहे की नाही ते पाहिल्याशिवाय घेऊ नका. तुटलेल्या नळीला रस्त्याकडेला वेल्डिंग मारून घेणे म्हणजे फुटक्या घागरीला शेणाचे लिंपण. नळी सरळ करून, तोल पाहूनच ती गाडीला लावायची असते.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द

आता पुष्कळ शिवारांत फोर व्हील ड्राइव्हचे ट्रॅक्टर आहेत. त्यांच्याही पोटाखालून पुढचा शाफ्ट जातो आणि त्यावर संरक्षक नळी असते. ती काढून ठेवू नका. या ट्रॅक्टरची पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित अधिक धावतील अशीच रचना असते. त्यामुळे पुढे झिजलेले आणि मागे नवे, किंवा भलत्या मापाचे टायर घातले, की तो मेळ बिघडून सगळा ताण शाफ्टवर येतो. टायर बदलताना पुस्तिकेतले माप पाहा.

जीप असो वा ट्रॅक्टर, कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा गिअर टाकून फिरू नका. वळणावर पुढची चाके मोठा फेरा घेतात, मागची लहान. चिखलात चाके थोडी घसरतात म्हणून ते जमते. डांबरीवर ती घसरत नाहीत, आणि वेगळ्या चालीचे दोन बैल एका जुवाला जुंपावेत तसा शाफ्ट मधे पिळला जातो. उतारावर भरली ट्रॉली असताना ब्रेकसाठी पुढचा गिअर टाकावा की नाही, हे त्या त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवा.

वाटेत तुटला तर

गाडी ताबडतोब थांबवा. लोंबणारा शाफ्ट जमिनीत रुतला तर गाडीच उचलली जाते. चाकांना उटी लावा, शाफ्टची दोन्ही टोके सोडवून तो गाडीत ठेवा, पुढचा गिअर काढा आणि मागच्या चाकांवर सावकाश घरी या. त्यासाठी गाडीत नेहमी योग्य मापाचे दोन पाने, एक क्रॉस, चार यू-बोल्ट आणि थोडी तार ठेवा.

घरचा नेम

ग्रीस गन ही काही मोठी चीज नव्हे. मृगापूर्वी एकदा, पावसाळ्यात गाडी पाण्यातून किंवा गाळातून गेली की प्रत्येक वेळी, आणि दिवाळीनंतर एकदा जॉइंटना ग्रीस द्या. चारही कपांच्या तोंडातून जुने काळे ग्रीस निघून नवे दिसेपर्यंत गन चालवा. स्लिप जॉइंटला मात्र बेताने द्या. तिथे कोंबून भरलेले ग्रीस शाफ्टला आत सरकू देत नाही. तारीख गोठ्यातल्या दिनदर्शिकेवर लिहा, जिथे गाई व्यायल्याची तारीख लिहिता तिथेच.

आणि एक काम घरातल्या सगळ्यांचे. मागे बसणाऱ्या माउलीला, शाळेला जाणाऱ्या लेकराला खालचा आवाज चालवणाऱ्याच्या आधी ऐकू येतो. त्यांनी "काहीतरी वाजतंय" म्हटले तर हसू नका. आमच्या आईने चैत्रातच म्हटले होते, "गाडीत चिमणी शिरलीय का रे?" तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

त्या रात्री जन्मलेली आमची पुतणी आता शाळेत जाते, त्याच जीपमधून, त्याच चढावरून. मृगाआधी जीपखाली ग्रीस गन घेऊन दादा शिरतात तेव्हा निप्पल मोजायला ती बाहेर उकिडवी बसते. इंजिन बंद आहे, चाकांना उटी आहे, हे आधी तीच ओरडून सांगते. तुमच्याही घरी असा एक पहारेकरी असू द्या.